रोजच्या नोंदी आणि काळवार गोषवारा

शेतकऱ्यानें हिशेब ठेवावा, दुधाची नोंद करावी, पावसाचें टांचण ठेवावें, असा उपदेश करणारे लेख आमच्या वाचकांनीं इतके वाचले असतील कीं, आणखी एकाची त्यांस गरज नाहीं. पुष्कळ घरीं आतां वह्या आहेतही. कोणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहितो, कोणी मोबाईलमध्यें, कोणाचा मुलगा संगणकावर तक्ता मांडून ठेवतो. परंतु वही ठेवणाऱ्या दहा गृहस्थांस, "गेल्या रब्बींत मजुरीवर खर्च किती झाला ?" असें विचारावें, तर नऊ जण पानें चाळूं लागतात, चाळतां चाळतां चहा येतो, आणि प्रश्न तसाच राहतो. नोंद आहे, पण गोषवारा नाहीं.

आमची सारी नोकरी तहसील कचेरींत गोषवारे करण्यांत गेली. तलाठ्यांकडून गांवोगांवचे पीक-तक्ते येत. त्यांवरून मंडळाचा, मंडळांवरून तालुक्याचा, व तालुक्यांवरून जिल्ह्याचा गोषवारा होई. शेवटची बेरीज जुळली नाहीं म्हणजे रात्रीं नऊ-नऊ वाजेपर्यंत बसावें लागे. नोकरीच्या उत्तरार्धांत तेंच काम संगणकावर आलें. दोन दिवसांचें काम दोन मिनिटांत होऊं लागलें, ही गोष्ट खरी. पण पूर्वी दोन दिवसांत एक चूक होई, ती आतां दोन मिनिटांत बारा होऊं लागल्या, हीही तितकीच खरी. अठ्ठावन्नाव्या वर्षी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालों, तेव्हां गोषवाऱ्याशीं आमचा संबंध सुटला असें वाटलें होतें. तो सुटला नाहीं, याचें कारण आमच्या गांवची दूध संस्था.

संस्थेचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. सकाळ-संध्याकाळ मिळून उन्हाळ्यांत सहाशें-साडेसहाशें व थंडींत नऊशें लिटरपर्यंत दूध तिच्याकडे येतें. काट्यावर किटली रिकामी झाली कीं, वजन, फॅट, तारीख आणि वेळ हीं संगणकांत उतरतात. दहा-दहा दिवसांचें बिल बिनतक्रार मिळतें. तक्रार निघाली ती दिवाळीच्या तोंडावर. वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागें फरक वांटावयाचा, म्हणून सचिवांनीं एप्रिल ते मार्च असा प्रत्येक सभासदाचा महिनेवार गोषवारा काढून फळ्यावर लावला. दुसऱ्या दिवशीं आमच्या शेजारच्या आक्का कॅलेंडर काखेंत मारून ओसरीवर हजर झाल्या.

"भाऊसाहेब, ह्या कॅलेंडरावर मी रोजचं लिवलंय. पोरीनं दोनदा बेरीज केली. संस्थेच्या कागदावर सव्वाशे लिटर कमी हायेत. म्हस माझी, किटली माझी. मग दूध गेलं कुठं?"

"आक्का, कॅलेंडर ठेवून जा. दोन दिवसांनीं सांगतों," असें म्हणून आम्हीं त्यांस वाटेस लावलें. परंतु तितक्यांत गांवांत दुसरीच गोष्ट पसरली. संस्थेनें संघाकडे पाठविलेलें दूध हें या गोषवाऱ्यांतील खरेदीपेक्षां नऊ हजार लिटरांहून जास्त भरत होतें. जें दूध कोणी घातलें नाहीं, तें संघाकडे गेलें कसें ? सभासदांचें दूध कापून तें कोणाच्या तरी खोट्या नांवावर चढविलें, असा सरळ अर्थ लोकांनीं केला. सचिव हा तिशीच्या आंतला, गरिबीचा मुलगा. त्याच्या घरच्या मंडळीस पिठाच्या गिरणींत टोमणे ऐकावे लागले. पुढील सोमवारीं बैठक ठरली, आणि राजीनाम्याचा कागद तो खिशांत घेऊन फिरूं लागला, हें आम्हांस मागाहून कळलें.

आम्हीं आक्कांच्या कॅलेंडरावरील महिन्याची बेरीज आणि संस्थेच्या कागदावरील महिन्याची बेरीज शेजारीं शेजारीं मांडली. एप्रिलांत तफावत नऊ लिटर, जूनांत साडेआठ, जानेवारींत साडेबारा. बाराही महिने अशीच. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारींतही आणि एकतीस दिवसांच्या मार्चांतही कमी पडलें तें बरोबर एका दिवसाचें दूध. चोरी करणारा मनुष्य इतका नियमित नसतो, हा आमचा कचेरींतला अनुभव आहे. तेव्हां येथें माणसाचा हात नसून पद्धतीचा दोष आहे, असें मनानें घेतलें. मग तो दिवस कोणता, एवढेंच पाहावयाचें राहिलें. ३० एप्रिलच्या चौकटींत आक्कांनीं साडेचार व साडेचार लिहिले होते. ३१ जानेवारीच्या चौकटींत साडेसहा व सहा. प्रत्येक महिन्याची अखेरची तारीख गळाली होती.

आम्ही तडक संस्थेंत गेलों व सचिवास म्हणालों, "बाळा, फक्त ३१ जानेवारीपासून ३१ जानेवारीपर्यंतचा गोषवारा काढ." त्यानें काढला. पडद्यावर कोरें पान आलें. नऊशें लिटर दुधाच्या दिवशीं एक थेंबही नाहीं ! तो बिचारा कांहीं वेळ नुसता बघत राहिला.

त्याचें कारण असें. काट्यावरची नोंद केवळ तारखेची नसते. "३१ जानेवारी, सकाळीं ६ वाजून ४० मिनिटें" अशी ती वेळेसह असते. गोषवारा मागतांना मात्र आपण "१ जानेवारी ते ३१ जानेवारी" एवढेंच सांगतों. संगणक वेळ न सांगितलेल्या तारखेचा अर्थ त्या तारखेचा आरंभ, म्हणजे मध्यरात्रीं बाराचा ठोका, असा घेतो. त्यामुळें ३१ तारीख लागतां क्षणींच त्याची मुदत संपते, व सकाळचें आणि संध्याकाळचें असें सर्व दूध मुदतीबाहेर जातें. दहा दिवसांचीं बिलें बरोबर निघत, कारण त्यांचा नमुना निराळ्या माणसानें केलेला असून त्यांत वेळ वगळून फक्त तारीख पाहिली जात असे. वार्षिक गोषवाऱ्याचा नमुना नवीन होता. बारा महिन्यांचे बारा दिवस असे गळाले, आणि संघाकडील आंकडा व संस्थेचा आंकडा यांत नऊ हजारांचें अंतर पडलें.

यावर उपाय अगदीं सोपा आहे. मुदत सांगतांना शेवटच्या तारखेपर्यंत असें न म्हणतां, पुढील मुदतीच्या पहिल्या तारखेच्या आधींपर्यंत असें म्हणावें : "१ जानेवारीपासून, १ फेब्रुवारीच्या आधीं." यांत आणखी एक सोय अशी कीं, महिना तिसाचा कीं एकतिसाचा, फेब्रुवारी अठ्ठाविसाचा कीं एकोणतिसाचा, हें लक्षांत ठेवावें लागत नाहीं, आणि एका महिन्याची कड व दुसऱ्याची कड यांत फटही राहत नाहीं व दुबार मोजणीही होत नाहीं. शेताच्या बांधासारखेंच हें आहे. दोन गटांमधील रेघ एकच असावी.

आणि ताळा हवा. कचेरींत आम्हांस पहिल्या वर्षी शिकविलेली गोष्ट ही कीं, तुकड्यांची बेरीज व एकंदर बेरीज या दोन वेगळ्या वाटांनीं काढावयाच्या आणि मग एकमेकींस लावून पाहावयाच्या. बारा महिन्यांचे बारा आंकडे मिळविले; आतां महिन्यांचा विचार सोडून सर्व नोंदींची एकच बेरीज घ्यावी. दोन्ही जुळल्या तर गोषवारा फळ्यावर लावावा, न जुळल्या तर लावूं नये. सचिवानें हें केलें असतें तर अर्ध्या मिनिटांत चूक सांपडती व त्या घरचीं माणसें आठ दिवस जेवण गोड लागण्यास मुकलीं नसतीं.

हें झाल्यापासून गांवांतील तरुण मंडळी आपापल्या वह्या घेऊन आमच्याकडे येतात. त्यांत ज्या चुका वारंवार दिसल्या, त्यांपैकीं कांहीं येथें देतों.

पहिला घोळ 'वर्ष' या शब्दाचा. सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. देशाच्या पीक-आंकडेवारीचें वर्ष १ जुलै ते ३० जून. साखरेचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. नद्यांच्या पाण्याच्या मोजदादींत जलवर्ष १ जूनपासून धरतात. मराठेशाहीच्या दप्तरांत सुहूर सन चाले. तो सूर्य मृगांत शिरतांच बदलत असे, म्हणून त्यास मृगसाल म्हणत, आणि शेतकऱ्याच्या मनांतील वर्ष आजही तेंच आहे. यांपैकीं कोणतेंही वर्ष चुकीचें नाहीं. चूक होते ती एका वर्षाचा खर्च आणि दुसऱ्या वर्षाचें उत्पन्न एका कागदावर मांडल्यानें. म्हणून नोंद करतांना 'सन २०२४-२५' असें न लिहितां पुरती तारीख लिहावी. तारीख असली म्हणजे तिच्यावरून हवें तें वर्ष, हवा तो महिना, हवा तो पंधरवडा मागाहून काढतां येतो. नुसत्या 'मार्च' या शब्दावरून तारीख मात्र परत काढतां येत नाहीं. गोषवारा नेहमीं बारीक नोंदीवरून मोठ्याकडे जातो, मोठ्यावरून बारीक होत नाहीं.

परंतु तारखेनेंही सर्व भागत नाहीं. रब्बी कांद्याचें पाहा. रोपें टाकलीं, लागण झाली, खत-औषधें झालीं, तीं सर्व मार्चच्या आंत. काढणी एप्रिलांत, आणि चाळींत भरलेला माल गिऱ्हाईक पाहून विकावयाचा तो ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत. आतां एप्रिल-मार्चच्या वर्षाप्रमाणें गोषवारा केला, तर एका वर्षांत कांद्याचा निव्वळ तोटा व दुसऱ्या वर्षांत निव्वळ नफा दिसेल, आणि दोन्ही गोष्टी खोट्या असतील. यासाठीं प्रत्येक नोंदींत तारखेखेरीज पीक व हंगाम यांचा एक वेगळा रकाना ठेवावा : 'कांदा, रब्बी २०२४-२५'. बँकेचा हप्ता कोणत्या महिन्यांत झेपेल हें विचारावयाचें असेल तेव्हां तारखेवरून गोषवारा करावा. पीक परवडलें कीं नाहीं हें विचारावयाचें असेल तेव्हां हंगामाच्या रकान्यावरून. दोन प्रश्न निराळे आहेत, आणि त्यांचे कागदही निराळे.

उंसाची गोष्ट याहून अवघड. आडसाली लागण जुलै २०२२ मध्यें केली तर तोड २०२३ सालच्या अखेरीस किंवा २०२४ च्या आरंभीं येते. मधल्या काळांत तोच उंस दोन खरिपांत व एका रब्बींत शेतांत उभा असतो. एका गृहस्थांनीं प्रत्येक हंगामाचें क्षेत्र लिहिलें होतें व वर्षाअखेर त्यांची बेरीज घेतली. दोन एकरांचे चार एकर झाले, आणि एकरी उतारा निम्मा दिसूं लागला. ते कारखान्यावर रागावून बसले होते ! उभें पीक, गोठ्यांतील जनावरें, कोठारांतील धान्य, बँकेंतील शिल्लक हे साठे आहेत. त्यांची काळावर बेरीज करावयाची नसते. गोठ्यांत दर महिन्यास पांच जनावरें मोजलीं म्हणून वर्षांत साठ होत नाहींत. लागण, तोडणी, विक्री, मजुरी, पाऊस, दूध या घडणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांची बेरीज होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करूं लागला. तेव्हां हा भेद आतां केवळ तलाठ्यानें समजून घ्यावयाचा राहिलेला नाहीं.

संगणकावरील तक्त्यांत तारीख कशी लिहिली आहे, याकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं. आपण ०३/०४ लिहितों तें तीन एप्रिल. पुष्कळ यंत्रें अमेरिकन रिवाजाची असतात; तीं त्यास चार मार्च समजतात. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी अशा रीतीनें भलत्याच महिन्यांत जाऊन बसतात, आणि तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी, तेरावा महिना नसल्यामुळें, तारीख न राहतां नुसतीं अक्षरें होऊन पडतात व कोणत्याच बेरजेंत येत नाहींत. ज्याच्या तक्त्यांत कांहीं तारखा रकान्याच्या उजव्या कडेस व कांहीं डाव्या कडेस चिकटलेल्या दिसतात, त्यानें गोषवारा करण्याआधीं तेथेंच थांबावें. तसेंच महिन्यांचीं केवळ नांवें लिहून त्यांवर गट पाडले तर दोन दोष येतात. एक, जून २०२३ आणि जून २०२४ यांचा एकच 'जून' होतो. दुसरा, महिने अक्षरांच्या क्रमानें लागतात : एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर. अशा क्रमाचा कागद एका बँकेच्या अधिकाऱ्यापुढें ठेवलेला आम्हीं पाहिला आहे. त्यांनीं तो कांहीं न बोलतां परत केला. २०२४-०६ असें वर्ष आधीं व महिना मागून, दोन अंकांनीं लिहिलें म्हणजे क्रमही साधतो आणि वर्षेंही मिसळत नाहींत.

आतां पावसाविषयीं. हा आमचा आवडता विषय आहे, तेव्हां थोडा विस्तार झाल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

पर्जन्यमापक सकाळीं साडेआठ वाजतां पाहतात व आदल्या साडेआठपासूनचा पाऊस त्या दिवसाच्या नांवावर लिहितात. म्हणजे ३१ जुलैच्या रात्रीं कोसळलेला पाऊस १ ऑगस्टच्या खात्यावर पडतो. घरीं मापक ठेवणाऱ्यानें उठल्यावर वाटेल तेव्हां पाहिलें व आदल्या तारखेस लिहिलें, तर त्याचा महिना आणि तालुक्याचा महिना कधींच जुळणार नाहीं. मग तो कचेरीस दोष देतो. वेळ एकच धरावी. पाऊस न पडल्यास शून्य लिहावें. मापक पाहिलाच नसेल तर जागा कोरी ठेवावी. शून्य आणि कोरें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. परगांवीं लग्नास गेलेल्या चार दिवसांचीं शून्यें मांडणाऱ्याच्या वहींत खोटा कोरडा काळ निर्माण होतो.

गोषवारा किती मुदतीचा करावा, यावर सर्व अवलंबून आहे. सन २०२३ चें उदाहरण ताजें आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशाची पावसाची दीर्घकालीन सरासरी सुमारें ८६९ मिलिमीटर. त्या वर्षी ८२० पडला, म्हणजे सरासरीच्या ९४ टक्के. चार महिन्यांचा हा एक आंकडा ऐकून कोणासही वाटेल कीं, साल थोडें उणें गेलें. पण तोच हिशेब महिनेवार मांडला कीं काय दिसतें ? जुलै व सप्टेंबर हे दोन महिने सरासरीहून वर, आणि मधला ऑगस्ट सुमारें ३६ टक्क्यांनीं कमी. १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलाशेंगांत असतांना जें पाणी मिळावयास हवें होतें तें मिळालें नाहीं, व सप्टेंबरच्या पावसानें तो हंगाम परत येत नाहीं. चार महिन्यांची बेरीज खोटी नव्हती. ती पिकाच्या प्रश्नाचें उत्तर नव्हती.

महिन्याच्या गोषवाऱ्यासही हाच दोष लागूं शकतो. त्याच खरिपांत विम्याच्या अग्रिम रकमेसाठीं पावसाच्या सलग एकवीस दिवसांच्या खंडाची चर्चा गांवोगांव चालली होती. समजा, एखाद्या मंडळांत १४ ऑगस्टपासून ५ सप्टेंबरपर्यंत पाऊस नाहीं. खंड तेवीस दिवसांचा झाला. पण महिनेवार गोषवाऱ्यांत ऑगस्टच्या अखेरीस अठरा कोरडे दिवस दिसतील व सप्टेंबरच्या आरंभीं पांच. एकवीस कोठेंच नाहींत. महिन्याची रेघ आपण कागदावर काढलेली असते, आकाशास ती ठाऊक नसते. म्हणून खंड मोजावयाचा तो मूळच्या दैनिक नोंदीवरून, एका पावसाळी दिवसापासून पुढच्या पावसाळी दिवसापर्यंत, महिन्याकडे न पाहतां मोजावा. हवामान खात्याच्या हिशेबांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पावसाळी दिवस. चार थेंबांनीं अंगण ओलें झालें, तर तें त्यांत धरीत नाहींत.

हवामानशास्त्राचे लोक वर्षाचे बावन्न आठवडे करतात. पहिला १ ते ७ जानेवारी, तेविसावा ४ ते १० जून. शेवटचा आठ दिवसांचा, व लीप वर्षी नववाही आठ दिवसांचा, म्हणजे दरवर्षी तोच आठवडा त्याच तारखांस येतो व अनेक वर्षांची तुलना करतां येते. शेतकरी हीच तुलना नक्षत्रांवर करीत आला आहे. सूर्य प्रत्येक नक्षत्रांत तेरा-चौदा दिवस असतो : मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, आर्द्रा २१-२२ जूनच्या सुमारास, मघा ऑगस्टच्या मध्यास, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. ज्यांस 'मघांत किती पडला' असा प्रश्न पडतो, त्यांनीं तो जुनाट म्हणून टाकून देऊं नये. पंधरवड्याएवढी मुदत पिकास महिन्यापेक्षां जवळची आहे. संगणकास मात्र नक्षत्र ठाऊक नाहीं. त्यासाठीं एक लहानसा वेगळा तक्ता करावा : नक्षत्राचें नांव, लागण्याची तारीख, पुढचें लागण्याची तारीख. पंचांगांतून दरवर्षी या तारखा उतरून घ्याव्या. मग प्रत्येक दिवसाचा पाऊस ज्या दोन तारखांच्या मध्यें येईल त्या नक्षत्रांत जमा होतो. हीच युक्ति महिना, हंगाम, साखरेचें वर्ष या सर्वांस चालते.

अशा तक्त्याचा दुसरा फायदा मोठा आहे. नुसत्या नोंदींवरून गोषवारा काढला, तर ज्या महिन्यांत एकही नोंद नाहीं तो महिना कागदावर येतच नाहीं. एका फळबागवाल्याच्या औषधखर्चाच्या तक्त्यांत मार्चनंतर एकदम जून होता. आलेखांत रेघ सरळ पुढें गेली, आणि मधले दोन महिने खर्च नव्हता हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मुदतींची यादी आधीं मांडून तिला नोंदी जोडल्या, तर रिकामी मुदत रिकामी म्हणून दिसते. मग ती खरेंच रिकामी होती कीं लिहावयाची राहिली, हें विचारतां येतें.

सरासरीची चूक शिकलेलीं माणसेंही करतात. म्हशीच्या दुधाचे पहिले दहा दिवस १०० लिटर, फॅट ६.०, पुढले दहा दिवस ती आटूं लागली म्हणून ५० लिटर, फॅट ७.५. वीस दिवसांची सरासरी किती ? सहा व साडेसात यांची मधली पावणेसात, असें चटकन उत्तर येतें. तें चुकीचें आहे. शंभर लिटरांस सहा व पन्नास लिटरांस साडेसात असा हिशेब केला तर दीडशें लिटरांची सरासरी ६.५ येते. सरासऱ्यांची सरासरी काढूं नये. मूळच्या नोंदींवर परत जावें. महिन्या-महिन्यांची तुलनाही जपून करावी. दुधाचें तिसरें बिल २१ तारखेपासून अखेरपर्यंतचें. तें फेब्रुवारींत आठ दिवसांचें व मार्चांत अकरा दिवसांचें असतें. मार्चांत दूध वाढलें म्हणून पेंडीचें कौतुक करण्यापूर्वीं दिवसांनीं भागून पाहावें.

मागाहून येणाऱ्या नोंदींचा प्रश्न उरतो. तोडणी जानेवारींत, बिल मार्चांत. खत घेतलें जूनांत, दुकानदाराचा कागद दिवाळीस. गोषवारा एकदां केल्यावर मागील तारखेची नोंद आली तर आंकडा बदलतो, व बदललेला आंकडा पाहून लोक संशय घेतात. यासाठीं प्रत्येक नोंदीस दोन तारखा असाव्या : घटना घडली ती एक, वहींत लिहिली ती दुसरी. आणि प्रत्येक गोषवाऱ्याच्या माथ्यावर तो कोणत्या दिवशीं, कोणत्या मुदतीचा, कोणत्या नोंदींपर्यंत काढला हें लिहावें. कचेरींत हें न लिहिलेला कागद आम्ही परत पाठवीत असूं.

संस्थेच्या सोमवारच्या बैठकींत सचिवानें नवा गोषवारा वाचला. बारा महिन्यांची बेरीज आणि वर्षाची एकंदर बेरीज सर्वांसमक्ष लावून दाखविली. संघाकडील आंकड्याशींही ती जुळली, संध्याकाळच्या सांडलवंडीचे थोडे लिटर वगळून. आक्कांचे सव्वाशे लिटर परत आले, व फरकाची रक्कम पुढच्या दहा दिवसांच्या बिलाबरोबर जमा झाली. राजीनाम्याचा कागद त्यानें आमच्यापुढें फाडला. एक गोष्ट मात्र राहून गेली. पहिल्या गोषवाऱ्यावर काढल्याची तारीख नव्हती, आणि तो फळ्यावरून उतरवितांना त्याची एक प्रत एका सभासदाच्या हातीं लागली. नवा व जुना असे दोन्ही कागद सारख्याच शिक्क्याचे. ते गृहस्थ अद्याप प्रत्येक सभेस जुना कागद खिशांतून काढतात, आणि सचिव प्रत्येक वेळीं उठून तो जुना कसा आहे, हें पहिल्यापासून सांगतो.